वर्षभरात काय शिकायचं, हे ठरवायचं कोणी?

पालक-शिक्षक सभा आटोपल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो: हे सगळं ठरवलं कोणी, आणि आम्हाला विचारलं कधी? या अंकासाठी त्यातली सात पत्रं निवडली आहेत. लिहिणाऱ्यांची आणि शाळांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

पालक, डिचोली

*मुलगा सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत आहे. वर्षअखेर त्यानं मिनिटाला ६० शब्द वाचले पाहिजेत, असं सभेत सांगितलं. कोणी ठरवलं विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘वरून आलंय.’ हे ‘वर’ म्हणजे कोण? आम्हाला त्यात काही बदलता येतं का?*

या ‘वर’ला तीन मजले आहेत. ६० चा आकडा सगळ्यात वरच्या मजल्यावरचा, म्हणजे केंद्र सरकारचा. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानं बालवाटिकेपासून (म्हणजे पहिलीआधीच्या वर्षापासून) तिसरीपर्यंत प्रत्येक वर्षाचा पल्ला लिहून दिला आहे. दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंतच्या संख्या. तिसरीला किमान ६० शब्द, ९,९९९ पर्यंतच्या संख्या आणि गुणाकाराची साधी उदाहरणं. मधल्या मजल्यावर राज्य आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमानुसार अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत राज्यानं नेमलेली शैक्षणिक संस्था ठरवते. आपल्याकडे गोव्यात हे काम पर्वरीच्या एससीईआरटीचं, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं. तळमजल्यावर तुमच्या मुलाचा वर्ग.

६० चे ५० करा असं सभेत सांगून काही होणार नाही, आणि तशी गरजही नाही. तिसरी संपताना वाचता न येणारं मूल चौथीत प्रत्येक विषयात मागे पडतं; म्हणून हा पल्ला शाळाशाळांवर न सोडता सगळीकडे एकच ठेवला आहे, हे बरोबरच आहे. मात्र मूळ वाक्य ‘वयाला साजेसा, आधी न पाहिलेला उतारा अर्थ समजून’ असं आहे. सभेत त्यातले ‘अर्थ समजून’ हे शब्द बहुधा गळून पडले. तुम्ही बोट ठेवायचं ते तिथं.

गती मोजताना हमखास चुकतं ते असं. उतारा पाठ्यपुस्तकातलाच घेतात, आणि तो मुलाला निम्मा पाठ असतो. दुसरं, घड्याळ दिसलं की मूल धावतं आणि विरामचिन्हं गिळतं. तिसरी गोष्ट खास मराठीची: ‘घरासमोरच्या अंगणातल्या तुळशीला’ हे मोजायला तीनच शब्द, पण त्यात पंधरा अक्षरं आणि एकावर एक चढलेले प्रत्यय. ‘तो आला. ती बसली.’ अशा उताऱ्यावर ६० गाठणं आणि प्रत्ययांनी भरलेल्या उताऱ्यावर गाठणं यांत पुष्कळ अंतर आहे. त्यातून घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाला ‘आसा’च्या जागी ‘आहे’ वाचताना सुरुवातीला क्षणभर थांबावं लागतं. ती चूक धरू नये.

घरी तपासायचं असेल तर ८० ते १०० शब्दांचा नवा उतारा घ्या. वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीतला चालेल. एक मिनिट वाचू द्या. चुकलेले आणि गाळलेले शब्द वजा करा. चुकून स्वतःच सुधारलेला शब्द बरोबर धरा. मग उरलेला उतारा निवांत पुरा करू द्या आणि चार प्रश्न विचारा: दोन उताऱ्यात सरळ सापडणारे, दोन विचार करून सांगायचे. ६० शब्द आणि एकच उत्तर बरोबर, तर पल्ला गाठलेला नाही. ४५ शब्द आणि चारही बरोबर, तर घाबरायचं कारण नाही. सराव वाढला की गती मागून येते. सरावासाठी एकच उतारा तीन दिवस वाचवून घ्या, पण मोजायला दर वेळी नवा. आणि शाळेला विचारा: आज माझं मूल कितीवर आहे, दिवाळीच्या सुट्टीआधी कितीपर्यंत पोचेल, आणि त्यासाठी तुम्ही कोणत्या तासाला काय करणार? हे टप्पे तळमजल्यावर ठरतात, आणि तिथं तुमचं म्हणणं चालतं.

शिक्षिका, सत्तरी

*पहिली ते चौथीची मिळून २१ मुलं आणि दोन शिक्षिका. ‘मुलांना स्वतःची उद्दिष्टं ठरवू द्या’ असं प्रशिक्षणात सांगतात. ठरवू दिली तर मुलं सोपं तेच निवडतात, नाहीतर ‘मी खूप अभ्यास करीन’ लिहून मोकळी होतात. मग आम्हीच ठरवून दिली तर काय बिघडलं?*

ठरवून दिल्यानं बिघडत नाही. कारण न सांगता दिल्यानं बिघडतं. उद्दिष्टं दिलेली बरी की मिळून ठरवलेली, यावर गॅरी लॅथम आणि मिरियम एरेझ या दोन मानसशास्त्रज्ञांचे निष्कर्ष बरीच वर्षं एकमेकांच्या उलट येत होते. शेवटी तिसरे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांना मध्ये घेऊन दोघांनी प्रयोग एकत्रच आखले. १९८८ मध्ये ते छापून आले, तेव्हा भांडणाचं मूळ सापडलं: एकाच्या प्रयोगांत उद्दिष्ट कारणासह समजावून दिलं जात होतं, दुसरीच्या प्रयोगांत नुसतं ‘एवढं करा’ म्हणून. कारण समजावून दिलेलं उद्दिष्ट मिळून ठरवलेल्या उद्दिष्टाइतकंच चाललं. कोरडा हुकूम मागे पडला. हे प्रयोग मोठ्या माणसांवरचे, हे ध्यानात ठेवूनही वर्गात त्याचा उपयोग आहे.

मुलांबाबत आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची: अंतर. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये सात ते दहा वर्षांच्या, वजाबाकीत कच्च्या आणि गणिताचा कंटाळा असलेल्या ४० मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना सांगितलं, दर बैठकीत सहा पानं सोडवा. काहींना सांगितलं, सात बैठकींत मिळून ४२ पानं सोडवा. हिशेब एकच. तरी रोजची सहा पानं डोळ्यांसमोर असलेली मुलं जास्त शिकली, आणि पुढे कोणी न सांगता स्वतःहून वजाबाक्या सोडवायला बसली. म्हणून आमचं मत असं, की उद्दिष्ट जितकं लांबचं तितका मोठ्यांचा हात जास्त, आणि जितकं जवळचं तितका मुलाचा. वर्षाचं राज्यानं ठरवावं, महिन्याचं तुम्ही, आठवड्याचं मुलासोबत.

आता कृती. आधी मूल कुठं अडलंय ते कळलं पाहिजे. त्यासाठी दहा मिनिटांची, मुद्दाम बेतलेली चाचणी लागते. वजाबाकीचं घ्या. ५८ − २३, ५२ − २७, ३०२ − १४८, ४०० − १५६ अशा चार जातींची मिळून दहा गणितं द्या आणि उत्तर चूक की बरोबर यापेक्षा ते कसं चुकलं ते पाहा. ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिणारं मूल एककाच्या घरात मोठ्यातून लहान वजा करतंय. दशक सुटा करायचा असतो हेच त्याला उमजलेलं नाही. ५२ − २७ जमलेलं पण ३०२ − १४८ ला अडलेलं मूल मधल्या शून्यापाशी थांबलंय. तिसऱ्याला रीत येते, नुसती घाई नडते. तिघांना ‘वजाबाकी सुधारा’ असं एकच उद्दिष्ट देणं म्हणजे तीन वेगळ्या तापांवर एकच काढा.

आपापल्या अडचणीला धरून प्रत्येकापुढे दोन-तीन पर्याय ठेवा. त्यातला कोणताही निवडला तरी त्या मुलाच्या कामाचाच असला पाहिजे. मग ‘सोपं निवडतात’ ही तक्रार उरत नाही, कारण ‘काय’ तुम्ही ठरवलेलं असतं. ‘रोज किती’, ‘कधीपर्यंत’ आणि ‘कशानं’ (काड्यांचे गठ्ठे, दहाच्या नोटा आणि एकेकची नाणी, की वहीवर) हे मूल ठरवतं. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर तीन ओळी पुरतात:

दशक सुटा करायच्या १० वजाबाक्यांपैकी ८ बरोबर.
रोज ६, शुक्रवारपर्यंत.
शुक्रवारी बाई नवीन १० देणार.

दहापैकी आठच का? दहाच्या दहा मागितल्या तर एका घसरणीनं आठवडा वाया गेल्यासारखं वाटतं; पाचच मागितल्या तर नशिबानंही जमतात. सोमवारीच नऊ आल्या, तर उद्दिष्ट फार सोपं होतं. शुक्रवारीही तीनच आल्या, तर मुलाला दोष न देता मधली एक पायरी राहिलीय असं समजा आणि काड्यांकडे परत या. ‘खूप अभ्यास करीन’ लिहिणाऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारा: ‘शुक्रवारी मला काय दाखवशील?’ दाखवण्याजोगं काही निघेपर्यंत वाक्य बदलत राहायचं.

२१ मुलांशी दर शुक्रवारी बोलणं दोघींना झेपणार नाही. निम्मी या शुक्रवारी, निम्मी पुढच्या. प्रत्येकाला दोन मिनिटं, म्हणजे एकीला दहा-बारा मिनिटं होतात. उरलेली मुलं जोडीनं एकमेकांचे पुठ्ठे तपासतील. गट इयत्तेवर न पाडता अडचणीवर पाडा. शून्यापाशी अडलेला चौथीतला मुलगा तिसरीतल्यांबरोबर बसला तर बसू दे, फक्त त्या गटाला ‘कच्चा’ म्हणू नका. पहिली-दुसरीच्या मुलांना आठवडा फार लांब पडतो. त्यांचं उद्दिष्ट आजचंच हवं, आणि तेही लिहून नव्हे. पाच मणी काढून ठेवा, एक शब्द वाचला की एक मणी दोऱ्यात.

एका वेळी भाषेचं एक आणि गणिताचं एक, एवढंच. ‘वर्गात शांत बसेन’ हे शिकण्याचं उद्दिष्ट नाही, ते पुठ्ठ्यावर येऊ देऊ नका. नावांसकट भिंतीवरचा तक्ता लावू नका; तो लागला की पुढच्या आठवड्यापासून मुलं खरोखरच सोपं निवडू लागतात, कारण तक्त्यावर नापास दिसायची कोणालाच हौस नसते. बक्षीस लावलं तरी तेच होतं.

भागशिक्षणाधिकाऱ्यांनी विचारलं, ‘सगळ्यांची उद्दिष्टं वेगळी कशी?’, तर बिनधास्त सांगा. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ध्येयं आणि क्षमता ठरलेल्या असल्या, तरी अध्ययन निष्पत्ती (मुलाला काय यायला हवं, ते सांगणारी विधानं) हे वाटेवरचे टप्पे आहेत आणि वर्गाची परिस्थिती पाहून ते जुळवून घ्यायची मोकळीक शिक्षकाला दिलेली आहे. पुठ्ठे पुढे ठेवा. कोऱ्या रकान्यांपेक्षा ते जास्त बोलतात.

पालक, म्हापसा

*मुलगा नववीत. शाळेनं ‘यंदाचं लक्ष्य’ म्हणून टक्केवारी भरायचा फॉर्म दिला. त्यानं ७० लिहिलं, मी ते खोडून ९५ केलं. तेव्हापासून तो बोलत नाही. चुकलं का माझं?*

आकडा कोणाचा, हा वाद पुढचा. आधी फॉर्मच चुकीचा आहे. टक्के म्हणजे शिकल्यानंतर जे हाती येतं ते; उद्या सकाळी उठून काय करायचं, हे ७० ही सांगत नाही आणि ९५ ही सांगत नाही. पेपर सोपा निघाला, तपासणारा उदार निघाला, तर काही न शिकताही टक्के वाढतात.

गेल्या चाचणीचा गणिताचा पेपर आणि चार रंगांच्या पेन्सिली घेऊन मुलाला बसू द्या, तुम्ही शेजारी बसा, हातात पेन नको. गेलेल्या प्रत्येक गुणाला रंग द्यायचा: मुळातच येत नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही, आकडेमोड घसरली. समजा ३० गुण गेले आणि त्यांची वाटणी ११, ८, ७, ४ अशी निघाली. म्हणजे ११ गुणांसाठी एखाद-दोन धडे पुन्हा शिकावे लागतील, ७ गुणांसाठी घड्याळ लावून सराव करावा लागेल, पण ८ गुण नुसते प्रश्नाखाली रेघ ओढायच्या सवयीनं परत येतात. यातून महिन्याची दोन उद्दिष्टं निघतात आणि ती मुलगाच काढेल. तुमचं काम कोणतं? क्लासची वेळ, झोप, क्रिकेटची प्रॅक्टिस आणि मोबाइल यांत ती बसतात की नाही, हे पाहणं.

९५ खोडा. पेनानं लिहिलं असेल तर व्हाइटनर आहेच.

पालक, फोंडा

*मुलीनं चौथीपर्यंत मराठी प्राथमिक शाळेत पहिले नंबर काढले. पाचवीत हायस्कूलला गेली आणि सगळं इंग्रजीतून. पहिल्या चाचणीत दोन विषयांत नापास. वर्गशिक्षिका म्हणतात, ‘तिच्यासाठी उद्दिष्टं थोडी खाली आणू.’ आणावीत का?*

चौथी मराठीतून किंवा कोकणीतून आणि पाचवीपासून इंग्रजी, ही वाट गोव्यातली हजारो मुलं चालतात. तरीही दर वर्षी शाळांना त्याचं नवल वाटतं, याचं आम्हाला नवल वाटतं.

विषयाचं उद्दिष्ट खाली आणू नका. भाषेचं वेगळं काढा आणि त्याला जास्त वेळ द्या. दोन्ही एकाच गुणात मोजली की हुशार मूल ढ ठरतं.

कुठलं कुठं अडलंय हे एका संध्याकाळी कळतं. विज्ञानाचा शिकवून झालेला धडा घ्या आणि तीन प्रश्न घरच्या भाषेत तोंडी विचारा. नीट सांगितलं तर विज्ञान शाबूत आहे. मग तेच प्रश्न इंग्रजीत वाचायला द्या: प्रश्न कळतोय पण उत्तर लिहिता येत नाही, की प्रश्नच कळत नाही? दोन्हींचे उपाय निराळे. घरच्या भाषेतही सांगता आलं नाही, तरच विषय पुन्हा शिकवावा लागेल.

बहुतेक वेळा अडतं ते शब्दांत, आणि हे शब्द तीन प्रकारचे असतात. पहिले, नवे पण सरळ: प्रकाशसंश्लेषण होतं ते फोटोसिंथेसिस झालं, हे चटकन जमतात. दुसरे फसवे, म्हणजे ओळखीचे वाटतात पण गणितात वेगळेच निघतात. टेबल म्हणजे जेवायचं टेबल, इथं मात्र पाढा किंवा तक्ता. प्रॉडक्ट म्हणजे दुकानातली वस्तू, इथं गुणाकार. डिफरन्स म्हणजे नुसता फरक नव्हे, वजाबाकीचं उत्तर. तिसरे शब्द प्रश्नातल्या आज्ञांचे: डिफाइन, कम्पेअर, गिव्ह रीझन्स, नेम, डिस्क्राइब. हे जेमतेम दहा-बारा आहेत, पण प्रत्येक विषयाच्या प्रत्येक पेपरात येतात. सुरुवात यांच्यापासून करा. पहिल्याच महिन्यात फरक दिसेल. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे आकडे. देवनागरीची सवय असलेल्या मुलाला इंग्रजी नऊ आपल्या १ सारखा आणि इंग्रजी आठ आपल्या ४ सारखा दिसतो. गणितातल्या ‘निष्काळजी’ चुकांत हे आहे का, ते वही उघडून पाहा.

ठरवायचं कोणी? प्रत्येक धड्यातले पाच-सहा अडणारे शब्द विषयाच्या शिक्षिकेनंच काढून द्यावेत. पुढं कोणता शब्द लागणार आहे ते तिलाच ठाऊक. आठवड्याला किती, आधी कोणत्या विषयाचे, हे मुलीनं ठरवावं. पंधराच्या वर गेली तर अडवा. वहीत तीन रकाने: इंग्रजी शब्द, मराठी शब्द, तिचं स्वतःचं वाक्य किंवा चित्र. तुम्ही रोज दहा मिनिटं धडा तिच्या तोंडून घरच्या भाषेत ऐकायचा, बस्स. उत्तरं लिहून पाठ करायला लावणारा क्लास मात्र लावू नका. पुढच्या चाचणीत गुण वर जातील आणि सहामाहीला प्रश्नाचे शब्द बदलले की धाडकन खाली येतील.

वर्गशिक्षिकेला एवढं म्हणायला हरकत नाही, की शिक्षण हक्क कायद्याचं २४ वं कलम प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून लागेल तिथं जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य मानतं, आणि २९ वं कलम शक्य तितकं मातृभाषेतून शिकवायला सांगतं. वर्गात एखादा शब्द मराठीत-कोकणीत फोडून सांगणं ही मेहरबानी नव्हे.

शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, काणकोण

*आमची समिती अभ्यासाची उद्दिष्टं ठरवू शकते का? की आम्ही फक्त गळक्या छपरापुरते?*

अभ्यासक्रम ठरवू शकत नाही, छपरापुरतेही नाही. सरकारी शाळेत समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या २२ व्या कलमाखाली शाळा विकास आराखडा तुम्हीच करायचा असतो. अनुदानित शाळा असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीचं काम सल्ल्यापुरतंच. आराखड्यात मुतारी आणि कुंपण सगळेच घालतात. त्यात एक पान शिकण्याचं घाला: प्रत्येक इयत्तेत आज किती मुलं अर्थ समजून वाचतात, सहा महिन्यांनी किती वाचतील, त्यासाठी पुस्तकं आणि वेळ कुठून येणार. शाळा किती दिवस भरली तेही मोजा. कायद्याला पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस लागतात. मुलांची नावं घेऊन गुणांची चर्चा मात्र सभेत नको. तो तुमचा अधिकार नाही आणि गावात त्याचे परिणाम वाईट होतात.

पालक, पेडणे

*सहावीतल्या मुलाला डिस्लेक्सिया असल्याचं निदान आहे. शाळा म्हणते, त्याची उद्दिष्टं विशेष शिक्षिका ठरवतील. आम्ही आणि तो नुसतं ऐकायचं का?*

नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे. अशा मुलाची वैयक्तिक योजना विशेष शिक्षिका, वर्गशिक्षक, पालक आणि मूल यांनी एकत्र बसून करायची असते. त्यातही मुलाला वगळणं सगळ्यात महागात पडतं. अध्ययन अक्षमता असलेल्या सहावीतल्याच मुलांवर डेल शंक यांनी १९८५ मध्ये वजाबाकीचा प्रयोग केला. स्वतः उद्दिष्ट ठरवणाऱ्यांचं कौशल्य आणि ‘मला जमेल’ हा भरवसा, दोन्ही दिलेलं उद्दिष्ट घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले.

बैठकीत प्रत्येक उद्दिष्टाला विचारा: इथं वाचन हेच शिकायचंय, की वाचन हे नुसतं साधन आहे? इतिहासातली कारणं सांगायची असतील, तर धडा कोणी वाचून दाखवला आणि उत्तर तोंडी घेतलं तरी उद्दिष्ट तेच राहतं. क्षेत्रफळ शिकायचं असेल तर पाढ्यांचा तक्ता शेजारी चालेल. पण जोडाक्षरं ओळखणं हेच उद्दिष्ट असेल तर वाचून दाखवून चालणार नाही. ही फोड केली नाही की दोन टोकं होतात: एक तर सगळ्यालाच सवलत, नाहीतर कशालाच नाही. योजनेवर तारीख घाला आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा बसा. ‘वाचन सुधारेल’ असलं वाक्य दिसलं तर सही करू नका. कोणते शब्द, किती, कशावरून कळणार, हे लिहून घ्या.

विद्यार्थिनी, आठवी, मडगाव

*सगळे माझ्यासाठी ठरवतात. शाळा, पप्पा, क्लासचे सर. माझं मला ठरवायचं असेल तर सांगायचं कसं?*

नुसतं ‘मला नको’ म्हणालीस तर कोणी ऐकणार नाही. ‘हे नको, त्याऐवजी हे’ म्हणालीस तर ऐकावं लागतं. एकच विषय घे, जिथं अडतेयस तो. त्यात काय येतं आणि कुठून पुढं येत नाही, हे दोन ओळींत लिही. ‘बीजगणित जमत नाही’ असं नको. ‘कंस सोडवताना वजा चिन्ह चुकतं’ असं. तुझ्या प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापनाचा रकाना असेल तर हेच तिथं लिही. ‘छान’, ‘उत्तम’ लिहून तो वाया घालवू नकोस. मग दोन आठवड्यांचं एक उद्दिष्ट, रोजची २० मिनिटं आणि शेवटी तू काय दाखवशील ते, एवढं कागदावर उतरवून आधी विषयाच्या टीचरकडे जा. तास सुटताना दारात गाठू नकोस. मधल्या सुट्टीत पाच मिनिटं मागून घे. त्यांनी मान्य केलं की तोच कागद पप्पांना दाखव आणि सांग, हे दोन आठवडे क्लासच्या सरांचा या विषयाचा जादा गृहपाठ थांबवा.

दोन आठवड्यांनी जमलं नाही तर? कागद फाडू नकोस. मागच्या बाजूला लिही, किती दिवस २० मिनिटं खरोखर दिलीस. चौदापैकी पाच निघाले तर उद्दिष्ट ठीक होतं, वेळ चुकली होती, ती बदल. बारा-तेरा निघाले तर उद्दिष्ट मोठं होतं. अर्धं कर, आणि पुन्हा त्याच टीचरकडे जा.